रुंद पाठीची शेवंती

बीड, १२ ऑगस्ट

चि. आदिनाथ यास अनेक आशीर्वाद.

अक्षर ओळखलंस का? वळण होस्टेलच्या सिस्टर अ‍ॅग्नेसचंच आहे. फोन करता आला असता. पण फोनवर आपण दोघंही गप्प बसलो असतो, आणि गप्प तर आपण आठ वर्षं बसलोच आहोत.

परवा धुळाजीच्या भागवतचा फोन आला. धुळाजी गेल्यावर आता मळ्यावरची जनावरं तोच बघतो, हे मला त्याच्याकडूनच कळलं. तू मुलाकडे, शिवशंकरकडे, पुण्याला राहायला गेलास, गुडघ्याची वाटी बदललीस, हेही त्यानंच सांगितलं. मग म्हणाला, "आक्का, दादा म्हणतेत शेवंतीला औंदा माळेगावच्या जत्रंत इकायला न्या. तुमच्या कानावर घालावं म्हनलं." मी विचारलं, का? तर म्हणाला, "आबाचा नियम सांगतेत. घरात बसनारं कोनी न्हाई."

नियम मला पाठ आहे. ज्या घरात बसणारं माणूस नाही, त्या घरानं घोडं बांधू नये. उभ्या घोड्याचा तळतळाट लागतो. आबा हे जेवताना सांगायचे आणि तू खाली मान घालून भाकरी कुस्करायचास, कारण तुला घोड्याची भीती वाटायची. आबांच्या नवाब घोड्याची सावली अंगावर पडली तरी तू आईमागं लपायचास. म्हणून मला समजत नाही, तू ही घोडी घेतलीस कधी आणि कशासाठी? मी तिला पाहिलेलंही नाही.

तरी सांगते, तिला नेऊ नकोस. निदान दिवाळीपर्यंत थांब. कारण विचारशील तर सांगता येणार नाही.

माझी तब्येत बरी आहे. मागच्या वर्षी पोटाचं एक लहानसं ऑपरेशन झालं, पण आता काही त्रास नाही. सकाळी पालीच्या धरणापर्यंत गाडीनं जाते आणि भिंतीवर चालते. हे सोबत असतात, पण ते बाकावर बसून पेपर वाचतात.

होस्टेलमध्ये दर रविवारी दुपारी घरी पत्र लिहायचा तास असे. सिस्टर फळ्यावर लिहायच्या, की पत्रात तक्रार नसावी आणि रडगाणं नसावं. मी आठ वर्षं त्या फळ्यासमोर बसून पत्रं लिहिली, त्यामुळे त्या एका दिवसाबद्दल या पत्रात काही लिहीत नाही.

तुझी,
आक्का


मळा, ४ सप्टेंबर

चि. आदिनाथ,

तुझं उत्तर आलं नाही, पण भागवतला फोन आला असं कळलं. "दिवाळीपर्यंत थांब म्हनले," एवढंच त्यानं सांगितलं. म्हणजे पत्र पोचलं.

पोळ्याला मी मळ्यावर आले आणि राहिले. तुला न विचारता कुलूप उघडायला लावलं. स्वयंपाकघरातली पाल सोडली तर कोणी हरकत घेतली नाही.

एस.टी.तून उतरून बांधावरून येत होते, तर ताराबाई शेळ्यांपाशी बसलेली. धुळाजीची ताराबाई आता ऐंशीच्या पुढं गेली आहे, पण नजर शाबूत आहे. मला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि म्हणाली, "अगं माय, निम्मी कुठं ठिवून आलीस?"

मी म्हटलं, "दवाखान्यात, ताराबाई."

"मंग पावती घेतलीस का न्हाई? उंद्या म्हनतेल, आमच्याकडं कुनी दिलंच न्हाई."

तेव्हा तुलाही सांगते. ऑपरेशन लहानसं नव्हतं. वजन उतरवायचं होतं. जठराचा मोठा भाग काढून टाकतात आणि उरलेलं पोट एका लांबट पिशवीएवढं राहतं. पहिला महिना मी चमच्यानं वरणाचं पाणी प्यायले. आता वाटीभर खाते, सावकाश चावून, आणि जेवताना पाणी पीत नाही. केस गळले ते हळूहळू परत आले. दंडाची कातडी लोंबते, म्हणून भर उन्हाळ्यात लांब बाह्यांचे ब्लाऊज घालते. गोड खाल्लं की घाम फुटतो आणि छातीत धडधडतं. यांना माझ्या वाटणीचं श्रीखंड मिळतं, त्यामुळे हे ऑपरेशनवर फार खूश आहेत.

सुंदर दिसावं म्हणून केलं नाही रे. अठ्ठावन्नाव्या वर्षी कोणाला दाखवायचंय? गुडघे गेले होते. रात्री श्वास अडायचा. आणि एकदा नातीच्या शाळेत लहान मुलांच्या खुर्चीत मी बसले, ती उठताना माझ्याबरोबर उठली. कोणी हसलं नाही, सगळ्यांनी दुसरीकडे बघितलं. मला तेव्हा वाटलं, हसणं परवडलं.

आता तो दिवस लिहून टाकते. लिहिल्याशिवाय पुढं जाता येत नाही.

आठ वर्षांपूर्वीची भाऊबीज. मला पन्नासावं लागलं होतं. तू झेडपीला उभं राहायची तयारी करत होतास, म्हणून मांडव मोठा होता. मी ओवाळायचं ताट घेऊन आले, तर मांडवात मोंढ्यातला, धान्याची पोती तोलायचा मोठा तराजू टांगलेला. आपल्या गुऱ्हाळाच्या गुळानं माझी तुला करायची तू ठरवलं होतंस, आणि मला न सांगता. एका पारड्यात गादी घालून मला बसवलं. दुसऱ्यात ढेपा चढत गेल्या. ढेपा संपल्या आणि माझं पारडं जमिनीवरच. तू माईकवर म्हणालास, "आमच्या आक्काचं माप मोठं हाय. गूळ कमी पडला. जा रे, गुऱ्हाळावरून अजून आना." सगळा मांडव हसला. तूही हसलास. ट्रॅक्टर गुऱ्हाळावर जाऊन येईपर्यंत मी त्या पारड्यात, जमिनीवर, मांडी घालून बसून होते. उठायलाही कोणाचा तरी हात धरावा लागणार होता आणि हात मागायची इच्छा नव्हती. ढेपा आल्या, पारडं हललं, टाळ्या पडल्या. मी उतरले आणि गाडीत जाऊन बसले. ताट तसंच राहिलं. निरांजनही लावलं नव्हतं.

तेव्हापासून दर भाऊबीजेला गच्चीवर जाऊन चंद्राला ओवाळते. तो ओवाळणी घालत नाही, पण मापही काढत नाही.

झालं लिहून.

आता शेवंतीचं. भागवतनं बाहेर काढली तेव्हा मी ओट्यावर बसून चहा घेत होते. गव्हाळ रंग, कपाळावर फुलासारखा ठिपका, आतल्या बाजूला वळलेले कान एकमेकांना टेकणारे. आणि पाठ केवढी! नवाब हिच्यापुढं हाडकुळा वाटला असता. मी जवळ गेले तर तिनं माझ्या खांद्यावर श्वास सोडला, आणि तो वास, आदी. ओलं गवत, घाम, थोडी धूळ. मी छत्तीस वर्षं तो घेतला नव्हता. मला एकदम बावीस वर्षांची झाल्यासारखं वाटलं.

भागवत म्हणाला, "मी पान्यावर नेतो रोज. उघड्या पाठीवर बसतो. खोगीर मात्र घालत न्हाई. दादांनी सांगितलं हाय, खोगीर घालून कुनी बसायचं न्हाई." खोगीर खुंटीला आहे, प्लास्टिकात बांधलेलं, कोरं करकरीत. आता दादांचा हुकूम मोडायचा तर मोठ्या बहिणीचा हक्क पोचतो, असं मी ठरवलं. घालायला लावलं. ओट्याशेजारच्या दगडावर चढले, डावा पाय रिकिबीत टाकला.

आणि काढून घेतला.

भागवतनं तिची मान थोपटली. म्हणाला, "घोडी हितंच हाय, आक्का. कुटं जात न्हाई." मग त्याला माळेगाव आठवलं असावं, कारण तो दुसरीकडं बघायला लागला.

आक्का


मळा, २९ सप्टेंबर

चि. आदिनाथ,

पार्सल मिळालं. चिठ्ठी नव्हती, पण कुरिअरच्या कागदावर तुझं अक्षर आहे. हेल्मेट बरोबर बसलं. ताराबाईनं विचारलं, "लग्नाला निघालीस का लढाईला?" बबितानं, भागवतच्या बायकोनं, तिला सांगितलं की पडल्यावर डोकं फुटू नये म्हणून असतं. तर म्हणते, "मंग पडूच नये ना माय, टोपरं कशाला?"

मी बसले, आदी. मागच्या गुरुवारी.

काय झालं ते सांगते म्हणजे तू हसशील. दगडावर चढले, पाय टाकला आणि अंगात जेवढा जोर होता तेवढा लावून स्वतःला वर फेकलं. इतकी वर्षं मी माझं अंग तेवढ्याच जोरानं उचलत आले आहे, खाटेवरून, खुर्चीवरून, रिक्षातून. अंग निम्मं झालं हे माझ्या हातापायांना अजून कळलेलं नाही. मी वर गेले ती पलीकडं उतरायच्या बेतात. भागवतनं पलीकडून येऊन गुडघा धरला म्हणून वर राहिले. शेवंती मान वळवून बघत होती, ही बाई बसायला आली आहे की ओलांडायला.

घरातसुद्धा तसंच होतं. दारातून अजून आडवी होऊन जाते. रिक्षावाला सरकून बसायला सांगतो आणि मला कळत नाही की तो माझ्याशीच बोलतोय.

खोगीर मला फार मोठं होतं. मी त्यात अशी बसते जशी आई आबांच्या आरामखुर्चीत बसायची, एका कोपऱ्यात. असं रुंद खोगीर तू कुणाच्या मापानं करवून घेतलंस? भागवतला विचारलं तर म्हणाला, "मला काय म्हाईत," आणि खोगिराचा तंग आवळत बसला. शेवटी त्यानं त्यावर घोंगडी चार पदरी घालून मला खाचेत बसवलं. अंगावरची पूर्वीची गादी गेल्यामुळे बसायची हाडं टोचतात. दोन दिवस मी उभ्यानं चहा प्यायले.

पण चाल. ती चार पायांची चाल कंबरेत आली ना, तेव्हा मला कोणी काही शिकवावं लागलं नाही. टाचा आपोआप खाली गेल्या. आबांचा आवाज ऐकू आला, "कोपर आत. लगाम म्हणजे काय रहाटाचा दोर हाय का?" आम्ही विहिरीपर्यंत गेलो आणि परत आलो. भागवत लगामाला धरून पुढं चालत होता. मला ते आवडलं नाही आणि सोडूनही द्यायचं नव्हतं.

तुला फाटा आठवतो? तू अंबाजोगाईला शिकायला होतास. सुट्टीला यायचास ती एस.टी. फाट्यावर थांबायची, आणि आबा बैलगाडी पाठवायच्या आधीच मी नवाबला घेऊन तिथं असायची. तू पेटी धरून उतरायचास आणि घोडा बघून तोंड वाकडं करायचास. "मी चालत येतो," म्हणायचास. मग चार पावलांवर ऊन लागायचं. मी तुला वर ओढायची, तू मागं बसून माझ्या कंबरेला मिठी मारायचास आणि डोळे मिटायचास ते मळा येईपर्यंत. मध्येच विचारायचास, "आलो का?" मी रस्ताभर म्हणायची, "आलोच." पेटी आपण फाट्यावरच्या हॉटेलात ठेवायचो. एकदा तिच्यातले लाडू उंदरांनी खाल्ले आणि तू नवाबला शिव्या घातल्यास.

माझं लग्न झालं तेव्हा तू अठरा वर्षांचा होतास. मी बीडला गेले आणि नवाब दोन वर्षांनी गेला. मला कोणी कळवलं नाही. रडेन म्हणून. मी नंतर येऊन रिकामा खुंटा बघितला आणि जेवायला बसले, कारण पानं वाढली होती.

हेल्मेटबद्दल आभार. तू घाबरट आहेस ते एका परीनं बरं आहे.

आक्का


मळा, २० ऑक्टोबर

आदिनाथ,

घोडी माळेगावला ने.

तुला कळवलं नव्हतं, पण दसऱ्यानंतर मी पडले. लगाम माझ्या हातात होता, भागवत बाजूनं चालत होता. दुडकी घेतली होती. छान घेतली होती, भागवत म्हणाला, "आक्का, आबा बगायला पायजे व्हते." तेवढ्यात शेजारच्या रानात सोयाबीनचं मळणी यंत्र सुरू झालं. शेवंती आडवी उडाली. पूर्वीच्या मांड्यांनी मी तिला धरून राहिले असते. आताच्या मांड्यांत तेवढं मांसच नाही. खाली काळं रान ओलं होतं म्हणून निभावलं. मनगट सुजलं, कमरेवर हिरवं निळं उमटलं आहे. हे बीडहून आले, डॉक्टरकडे नेऊन आणलं, हाड शाबूत आहे.

तेव्हापासून घोडीजवळ गेले नाही. सकाळी ती माझ्याकडं बघून खुरानं जमीन उकरते आणि मी आत येते. भीती हाड मोडण्याची नाही वाटत. भागवत धावत येताना त्याचा चेहरा मी बघितला. त्याला वाटलं होतं, आता हिला उचलायला चार माणसं लागणार. मग त्यानं एकट्यानं उचललं आणि त्यालाच नवल वाटलं. पण तो पहिला चेहरा मी ओळखते. मांडवात तोच होता, सगळ्यांच्या तोंडावर.

दिवाळी जवळ आली. तू थांबायचं कबूल केलं होतंस, ती मुदत पुरी झाली. आबांचा नियम खरा आहे, घरात बसणारं माणूस नाही. मी एक हौस करून बघितली. उद्या सकाळच्या गाडीनं बीडला जाते.

आक्का


तोच दिवस, दिवेलागण

आदी,

वरचं पत्र पाकिटात घातलं होतं. परत काढलं.

दुपारी पिशवी भरत होते तर ताराबाई काठी टेकत आली आणि उंबऱ्यात बसली.

"चाललीस म्हनं."

"हो."

"आन घोडी?"

"तिला माळेगावला नेतील. दादांनीच सांगितलंय."

"त्याची हाय का ती, त्यानं सांगायला?" म्हणाली. "तुजी घोडी इकायला तो कोन?"

मी म्हटलं, ताराबाई, माझी कशी असेल.

बबिता मागून म्हणाली, "आत्याबाई, दादांनी शपथ घातली हाय." तर ताराबाई म्हणाली, "माज्या गोवऱ्या मसनात गेल्या, मला कोनती शपथ लागती आता? तू घरात जा."

मग तिनं जे सांगितलं ते तुला ठाऊकच आहे. मला आज कळलं. तुलेच्या आदल्या वर्षी मार्गशीर्षात तू धुळाजीला घेऊन माळेगावला गेलास. घोड्यांना घाबरणारा तू तीन दिवस त्या बाजारात फिरलास. व्यापारी चपळ घोड्या दाखवायचे, पळवून दाखवायचे, आणि तू म्हणायचास, पळायला नको, पाठ दाखवा. धुळाजीनं विचारलं, कुणासाठी? तर तू म्हणालास, "आमच्या आक्कासाठी. ती हाय तशी पेलली पायजे." आणि रुंद पाठीची तरणी घोडी आणून भाऊबीजेपर्यंत धुळाजीच्या शेळ्यांच्या वाड्यावर लपवलीस. त्यानं तिला शिकवलं. तिला जड माणसाची सवय व्हावी म्हणून तो तिच्यावर ज्वारीची पोती घालून फिरवायचा. खोगीर तू माझ्या मापानं करवलंस.

ताराबाई म्हणाली, "गुळाची तुला झाली की तू ववाळनार, आन तू ववाळलं की घोडी मांडवात आननार, ववाळनी म्हनून. असं ठरलं व्हतं. म्हातारा गोठ्यामागं घोडी धरून हुबा. अंगावर झूल, कपाळाला कुंकू. तू निगून गेलीस, मांडव उठला, लोकं जेवून गेली. म्हाताऱ्याला सांगायलाच कुनी आलं न्हाई. दिस मावळंस्तोवर हुबा."

मी विचारलं, आदिनाथनं मला सांगितलं का नाही?

"लाजला. मी म्हनलं, जा की रं बीडला घोडी घिऊन. तर म्हनतो कसा, ताराबाई, आधी माईकवर हसवलं आन आता घोडी दाखवू? आक्का म्हनंल, लाच देतो. मंग गूळ सोडला त्यानं. च्या बी बिनगुळाचा आन बिनसाखरंचा. झेडपीचं तिकिट बी न्हाई भेटलं मेल्याला."

मी उंबऱ्यात तिच्याशेजारी बसले. 

आदी, मी वजन उतरवलं तेव्हा मनात कुठंतरी होतं, की घोड्यावर बसायचं तर हे उतरवावं लागेल. मोठ्या आक्काला घोडा मिळणार नाही, असं मी स्वतःच धरून चालले होते. आणि इथं गोठ्यामागं एक घोडी पोती वाहून माझी वाट बघत होती. ऑपरेशनचं मला वाईट वाटत नाही. गुडघे आणि श्वास मला परत मिळाले. पण तेव्हाच बसले असते, तर त्या बाईलाही नवाबनंतर एकदा वरून ज्वारीचं रान दिसलं असतं. तिच्यासाठी वाईट वाटतं. ती चांगली बाई होती. सगळ्यांना हसवायची, म्हणजे तिच्यावर कोणी आधी हसू नये.

माईकवरचं मी विसरलेले नाही. विसरणारही नाही, तेवढं तू सोसायला हवंस. आठ वर्षं त्याच एका वाक्यात तुला कोंडून ठेवलं होतं, ते दार मात्र आता उघडलं आहे.

पिशवी परत रिकामी केली. उद्या भागवतला सांगणार आहे, मळणी यंत्राजवळूनच चल. तिला त्याची सवय व्हायला हवी आणि मलाही.

वरचं पत्रही सोबत पाठवते. फाडलं असतं, पण एवढी वर्षं सिस्टरच्या फळ्याचं ऐकलं. एकदा तक्रार आणि रडगाणंही टपालात जाऊ दे.

आक्का


मळा, भाऊबीज, सकाळ

प्रिय आदी,

हे पत्र टपालात टाकत नाही. हातात देईन, किंवा मग ते माझ्यापाशीच राहील.

तू येतो म्हणून कळवलं नाहीस. पण काल भागवत अंगणात फोनवर बोलत होता आणि मी दारामागं उभी होते. "व्हय दादा, फाटा तितंच हाय. त्यो कुटं जातोय." मग, "व्हय, पुण्याची गाडी अकराच्या सुमाराला." मग बराच वेळ ऐकून, "ते मी कसं सांगू? तुमीच बगा की येऊन." फोन ठेवून आत आला आणि मला म्हणाला, "काय न्हाई, आसंच. हवापान्याचं इचारत व्हते."

दहा दिवस रोज बसले. सोयाबीनचं यंत्र आता आम्हा दोघींना ओळखतं. ती कान टवकारते, मी पाठीवर हात ठेवते, आणि आम्ही पुढं जातो. परवा मळ्यामागच्या तलावाच्या कडेनं पार बांधापर्यंत दुडकीनं नेली. भागवत मागं राहिला होता. लगामाला कोणी धरलेलं नाही हे मला बरंच पुढं गेल्यावर लक्षात आलं. पाणी सकाळचं पांढरं होतं आणि उसाच्या शेंड्यांवरून मला पलीकडचं गाव दिसलं. एवढ्या उंचीवरून ते मी लग्नाआधी शेवटचं पाहिलं होतं.

खोगिरावर अजून चार पदरी घोंगडी घालते. नवं करवू नकोस. त्या मोठ्या आक्काच्या मापाचं आहे ते तसंच असू दे, मी तिच्या जागेत बसते.

तर आबांच्या नियमाचं असं झालं, की घरात बसणारं माणूस आहे. अठ्ठावन्न वर्षांचं आहे, वाटीभर जेवतं, पण आहे. माळेगावला जायचं असेल तर तू हौसेनं जत्रा बघायला जा.

ताट तयार केलं आहे. सुपारी, अक्षता, निरांजन, करदोटा. ओवाळणी तू आठ वर्षांपूर्वीच आणून ठेवलीस आणि मी ओवाळलंच नाही, तेव्हा आज तू रिकाम्या हातानं यायचं. गुऱ्हाळ अजून सुरू नाही, म्हणून बबितानं बाजारातून गूळ आणला. मला चण्याएवढा खडा चालतो, त्याहून जास्त नाही. तेवढाच तुला देईन, आणि तो तू खायचा. राहिलेली ढेप शेवंतीची. तिला गूळ फार आवडतो.

भागवत तंग आवळतोय. ताराबाई ओट्यावर बसून सांगते आहे, की टोपरं नीट बांध आणि त्याला लवकर घेऊन ये, तिला भूक लागली आहे.

एस.टी.तून उतरशील तेव्हा फाट्यावरच्या लिंबाखाली बघ. तू तोंड वाकडं करशील, गुडघ्याचं निमित्त सांगशील, चालत येतो म्हणशील. ये. या वेळी तुला वर ओढणार नाही, आपण दोघं शेवंतीवर बसलो तर ती माईक मागेल. तू लगामाला धरून पुढं चाल. मध्येच विचारलंस तर मी वरून सांगेन, "आलोच."

तुझी,
आक्का